मेणातले पाच तुकडे

माझा स्वभाव भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. संगमनेरच्या एका शाळेत मी आयुष्यभर मुलींना मराठी शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले, ती तिथलीच झाले. गॅस आणणारा, बँकेतल्या खिडकीमागचा, भाजीवाली, सगळे मला ओळखून आहेत. भाऊ म्हणायचा, "आपा, तू संगं असली की मला काळजी नसती. समोरच्याला असती."

भावाचं गाद्यांचं दुकान होतं. आमचे अब्बा पारनेरकडच्या एका खेड्यातून खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्य घेऊन निघाले आणि गावोगाव गाद्या भरत भरत इथे येऊन थांबले. नमाज अरबीत, बाकी आमचं सगळं घर मराठीत, आणि तेही पारनेरच्या मराठीत. मी शाळेत 'आणि-पाणी' घासूनपुसून बोलायचे आणि घरी आले की 'पानी' प्यायचे.

अब्बांची धंद्यातली एकच शिस्त होती. जुनी गादी पिंजायला आली की तिचा कापूस वेगळा ठेवायचा, पिंजून झाला की त्याच गादीत भरायचा. मूठभरसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. दुसरे दुकानदार चांगला कापूस काढून घेतात, खाली चिंध्या कोंबतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अब्बा म्हणायचे, लोकांची बाळं या गादीवर जन्मलेली असतात, म्हातारी माणसं याच्यावर मेलेली असतात. ज्याचं त्याला परत गेलं पाहिजे. भावाने मशीन आणलं, पण शिस्त मोडली नाही. दुकानात प्रत्येक ढिगाऱ्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी दाभणाने टोचलेली असायची.

अब्बांची ही शिस्तच पुढे माझ्या हातून आमच्यावर उलटली.

भावाला शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, मूळव्याध. गादीवाला दिवसभर जमिनीवर बसून टाके घालणार, त्याला मूळव्याध नाही होणार तर कुणाला? त्याने वर्षभर सुरण खाल्ला, कुणीतरी दिलेल्या पुड्या खाल्ल्या, आणि माझ्यापासून लपवलं. वजन उतरलं, पँटला दोरी बांधायची वेळ आली, तेव्हा मी त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आठवड्यात ऑपरेशन झालं. मधेच डॉक्टरांनी मला दाराशी बोलावून ट्रेमधला तुकडा दाखवला, "हे काढलं, बघून घ्या," म्हणाले. मी बघितलं. माझ्या भावाच्या आतली वस्तू मी बघतेय आणि त्याने ती कधीच बघितलेली नाही, हे मला फार विचित्र वाटलं.

तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आणायला मी गेले, कारण आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. कॅन्सर होता आणि जवळच्या काही गाठींपर्यंत पोचला होता. इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. ते सगळं वाचून मी पाकीट पिशवीत ठेवलं. खिडकीतल्या माणसाला सहज विचारलं, "आणि त्याचा तो तुकडा कुठंय?"

"तो नियमाप्रमाणे गेला, आजी."

"कुठं गेला?"

"जाळायला जातं सगळं."

आमच्याकडे कापलेली नखंसुद्धा इकडेतिकडे टाकत नाहीत. आमची अम्मी आमचे पडलेले दुधाचे दातही अंगणात पुरायची. मातीतलं मातीत गेलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. आणि इथे माझ्या भावाचं मांस कुठल्या तरी भट्टीत गेलं होतं. वर तो मला आजी म्हणाला होता. माझा तोल गेला. मी त्या काउंटरवर असं काही तोंड सोडलं की आतून दोन माणसं बाहेर आली. लोकांच्या घरचा मूठभर कापूस आम्ही परत करतो, तुम्हाला माणसाचं मांस परत करता येत नाही का, असं काहीतरी मी ओरडत होते. शेवटी त्यातला वयस्कर माणूस म्हणाला, "मॅडम, तपासणीसाठी घेतलेले पाच तुकडे तेवढे आहेत. मेणात बसवलेले. लेखी द्या, घेऊन जा."

त्याने रजिस्टरवर माझी सही घेतली. प्लॅस्टिकच्या छोट्या पाच जाळ्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या मेणाचा ठोकळा, बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि मेणात अडकलेला तपकिरी तुकडा. "जपून ठेवा," तो म्हणाला. "पुढं लागतात कधीकधी."

कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. वर्गात प्रश्न न विचारणाऱ्या मुलींना मी मठ्ठ म्हणायचे. मी जिंकले होते, आणि मला लवकर घरी जायचं होतं.

घरी मी पातेल्यात पाणी तापवलं. भावजय माझ्या शेजारी उभी होती. ती सातवी शिकलेली, माझ्यापुढे सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आपा, हाय तसंच पुरूया की. मेन मातीला काय करतंय?"

"मेण आणि प्लॅस्टिक म्हणजे काय त्याचं अंग आहे का?" मी तिला झापलं. "पुरायचं तर स्वच्छ करून पुरायचं."

मी ठोकळे गरम पाण्यात सोडले. मेण सुटून वर तरंगलं आणि तुकडे खाली बसले, भिजवलेल्या खोबऱ्याच्या कापांसारखे. चमच्याने एकेक काढला, चांगल्या पाण्यात तीनदा धुतला आणि पुसून पांढऱ्या मलमलीवर ठेवला. मनातून मला फार बरं वाटत होतं. आजारपणात घरातल्यांच्या हाताला काही काम उरत नाही. माझ्या हाताला काम मिळालं होतं.

मलमलीची पुरचुंडी भावाने स्वतः शिवली, इतक्या बारीक टाक्यांनी की दोरा दिसेना. टाके घालताना हसला. "बघ आपा, मी हप्त्याहप्त्यानं चाललोय." आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. पोटाला हात लावून तो एकटाच चालत गेला आणि पुरचुंडी अम्मीच्या पायाशी पुरून आला. चहा पिताना म्हणाला, "बरं झालं तू भांडलीस. तिच्याजवळ हाय आता." त्या दिवशीइतका माझा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

इंजेक्शनं झाली. केस विरळ झाले, बोटं बधिर झाली. गादीवाल्याची बोटं बधिर होणं म्हणजे काय, ते त्याला बघूनच कळलं. सुई टोचून रक्त आलेलं त्याला दिसायचं, पण कळायचं नाही. तरी दुकान उघडलं. त्याने माझी गादी फोडून, पिंजून, नव्याने भरून दिली. आम्ही म्हणायला लागलो की गेलं ते दुखणं.

वर्ष व्हायच्या आत ते लिव्हरमध्ये निघालं.

इथल्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. शांतपणे सगळे कागद बघितले आणि म्हणाल्या, "ब्लॉक आणलेत का? मेणाचे?"

मी विचारलं, "ते कशाला?"

तो प्रश्न मी जवळजवळ वर्षभर उशिरा विचारला होता. त्यांनी नीट समजावलं. आतड्याचा कॅन्सर म्हणून सगळ्यांना एकच औषध, असं आता राहिलेलं नाही. गाठीच्या पेशींमध्ये काय बदल झालेत ते तपासायचं. त्या खुणांना बायोमार्कर म्हणतात. एक खूण असली तर अमुक इंजेक्शन देऊन उपयोगच नाही. दुसरी एक खूण असली तर मात्र असं औषध आहे, जे शरीराच्या स्वतःच्या ताकदीला ती गाठ ओळखायला लावतं. ही खूण थोड्याच जणांत सापडते. पण ज्यांच्यात सापडते, त्यांच्यापैकी काही जण वर्षानुवर्षं चांगले राहतात. "ब्लॉक आजच पाठवू," त्या म्हणाल्या. "वेळ घालवायला नको."

मी भावाकडे बघितलं, भाऊ माझ्याकडे. मग मी सांगितलं. मेण काढलं, धुतलं, पुरलं. सांगताना माझा आवाज वर्गात धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखा येत होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "तुम्ही शिक्षिका होतात ना?" एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

"उकरून काढलं तर?" मी विचारलं.

"मेणात असते तर बघितलं असतं. आता काही उरलं नसेल." मग त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "लिव्हरमधून सुईने नवा तुकडा घेता येईल. वेळ जाईल, पण घेऊ."

भावजय बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. मेन मातीला काय करतंय, असं तिने विचारलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं आणि तिलाही आठवलं असणार. तिने ओढणी नीट केली आणि भावाला विचारलं, "पानी देऊ का?" त्या दिवशी नाही, परतीच्या एसटीत नाही, नंतरही कधी नाही, तिने तो विषय माझ्यापुढे काढला नाही. मी वाट बघत राहिले. तिने एकदा बोलून घेतलं असतं तर मी तिच्या पाया पडायला मोकळी झाले असते.

पुढचे दिवस नुसते त्या एका तुकड्याच्या मागे गेले. जुन्या लॅबकडे त्याच तुकड्यांचे पातळ काप लावलेल्या काचेच्या पट्ट्या होत्या, त्या मागवल्या. त्यावर पुरेसं निघालं नाही. रक्त पाठवलं, त्यातून काही कळलं नाही. लिव्हरमध्ये सुई घालायची म्हटलं तर रक्त लवकर गोठत नव्हतं, म्हणून थांबावं लागलं. सुई घालायच्या दिवशी भावाने ती बघायला मागितली. "यवढीच?" म्हणाला. "आमचा दाभन बघितला तर तुमी पळून जाल." डॉक्टर हसल्या. तुकडा गेला आणि उत्तर आलं, तपासणीला पुरेसा नाही, पुन्हा पाठवा.

पुन्हा म्हणेपर्यंत डोळे पिवळे झाले. आधी कावीळ उतरवायची, नळी घालायची, मग सुई. या सगळ्यात त्याची साधी इंजेक्शनंही थांबली. मी प्रत्येक वेळी संगमनेर ते नाशिक त्याच्या शेजारी बसून जायचे आणि खिडकीबाहेर बघत मनात तेच ते करायचे. पातेलं खाली उतरवायचे. पाणी ओतून द्यायचे. ठोकळे परत डबीत ठेवायचे. डबी माझ्या कपाटात, दागिन्यांच्या जागी. किती सोपं होतं.

दुसरा तुकडा पुरेसा निघाला. तो मोठ्या शहरातल्या लॅबला गेला. निकालाला तीन आठवडे लागतील म्हणाले.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरींचे निकाल लावले. आता रोज सकाळी तो मला विचारायचा, "आला का निकाल?" पहिल्या आठवड्यात उठून बसून विचारायचा, दुसऱ्या आठवड्यात पडल्यापडल्या. एकदा औषध देत असताना त्याने माझा हात बाजूला सारला. "तुला कुनी सांगितलं हुतं भांडायला?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तेवढी ताकदच नव्हती. "मी सांगितलं हुतं का? मला काय, जळालं असतं तर जळालं असतं. मला जगायचं हाय, आपा. मला मरायचं न्हाई."

मी म्हणाले, "व्हय."

भाऊ आयुष्यात माझ्यावर एवढंच रागावला. दुसऱ्या दिवशी त्याने मला उशी सरळ करायला सांगितली आणि इथेच बस म्हणाला. मी बसले. त्याने माफ केलं की नुसता दमला होता, हे मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. आजवर जगाला प्रश्न विचारताना कचरले नव्हते, त्याला विचारताना कचरले.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या अजानच्या सुमारास तो गेला. त्याच्याच हातच्या गादीवर गेला. निकाल आला का, हे त्याने त्या सकाळी विचारलं नव्हतं. म्हणून मला आधीच कळलं होतं.

अम्मीच्या शेजारी जागा होती, तिथे त्याला नेलं. मी दारात उभी राहिले. मनात आलं, पायाशी त्याचा तो पाच तुकड्यांचा भाग आधीच जाऊन बसलाय, आता सगळा गोळा झाला. अब्बांची शिस्त पुरी झाली. हे मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, होती. माणसं येऊन, फातेहा पढून गेली. भावजय आत खोलीत बसून होती. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते, कारण हाताला काम हवं ही माझी सवय अजून गेलेली नाही. मोबाईल वाजला. लॅबचा रिपोर्ट होता.

मी चष्मा लावला आणि ओट्याला टेकून वाचला. गेले काही महिने मी त्या विषयाचे शब्द डिक्शनरी घेऊन पाठ केले होते, त्यामुळे अडलं नाही. पहिल्या पानावर चौकटीत लिहिलं होतं. जी खूण असावी म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी आशा लावली होती, थोड्याच जणांत सापडते ती, ती त्याच्यात होती.

मी मागच्या दारी जाऊन डॉक्टरांना फोन केला. भाऊ गेल्याचं त्यांना सांगितलं, मग रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी मला ती चौकट पुन्हा एकदा वाचायला लावली. नंतर म्हणाल्या, "सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, मॅडम."

"पण हे तेव्हाच कळलं असतं तर?"

"तर मी तेच औषध सुरू केलं असतं," त्या म्हणाल्या. त्या बाईंनी माझ्याशी खोटं बोलायला हवं होतं. चांगल्या डॉक्टर आहेत, बोलल्या नाहीत.

आत आले तर भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी. पांढरी ओढणी, सुजलेले डोळे. माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघून तिने विचारलं, "निकाल आला का वो आपा?"

"आला."

"काय हाय त्यात?"

मी मोबाईल तिच्यापुढे धरला असता तरी ते इंग्रजी तिला वाचता आलं नसतं. मी म्हणाले, "न्हाई. ते औषध त्याला चाललंच नसतं. आधी कळलं असतं तरी काय फरक पडला नसता."

तिने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, आता रडेल. ती पुढे आली, माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला खांद्याला धरून पाटावर बसवलं.

"मग आता जेवा," ती म्हणाली. "तीन दिस झालं, तुमच्या तोंडात घास न्हाई. त्याच्या आधीपास्नं न्हाई. त्या मेनापायी सोताला जाळत बसलाय, मला काय दिसत न्हाई व्हय? मी रोज दुवा मागायची, काय बी निकाल येऊ दे, पर दोस आपाच्या माथी येऊ देऊ नगंस. यवढं तरी ऐकलं बघा."

तिने ताट वाढलं. डाळ, भात, शेजारच्यांनी पाठवलेली भाजी. माझ्यासमोर बसून राहिली, मी खाते की नाही ते बघत. मी खाल्लं. तिने आणखी भात वाढला, तोही खाल्ला.

ज्याचं त्याला परत गेलं पाहिजे, असं अब्बा सांगायचे. तो निकाल तिच्या नवऱ्याचा, म्हणजे तिचा आहे. मी तो अजून तिला दिलेला नाही.